फायबर चॅनेल जोडताना आधी पत्ते बघा, केबल नंतर

गोव्यात वेर्ण्याला प्लांटमध्ये जुन्या फायबर चॅनेल (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं नेटवर्क) स्विचला नवा स्विच जोडायचा होता, दोन तासांचं काम म्हणून शनिवारी दुपारी बसलो आणि घरी पोचलो रात्री साडेदहाला. लिंक ऑनलाईन दिसत होती पण नव्या स्विचवरच्या सर्व्हरला स्टोरेज काही दिसेना. सप्लायरचा पोरगा फोनवर एकच पाढा म्हणतोय, "पात्रांव, केबल बदलून बघ." दोन केबल बदलल्या, एक एसएफपी, म्हणजे पोर्टात बसतो आणि ज्यात केबल लागते तो मॉड्यूल, बदलला. शेवटी स्विचशो कमांडचं आउटपुट नीट वाचलं तर पोर्टसमोर सेगमेंटेड, म्हणजे दोन स्विच जुळलेच नाहीत, असं लिहिलेलं आणि पुढे कंसात कारणही, डोमेन ओव्हरलॅप. दोन्ही स्विचचा डोमेन आयडी, म्हणजे स्विचचा नंबर, १. तिथे लिहिलेलं असतं हो, पण घाईत वाचतो कोण.

तर आधी पत्त्यांचं समजून घ्या. फायबर चॅनेलमध्ये प्रत्येक पोर्टला दोन ओळखी असतात. एक वर्ल्ड वाईड नेम, ६४ बिटचं, कार्डात कारखान्यातूनच येतं, आधार नंबरसारखं, कुठेही राहायला गेलात तरी तेच. दुसरा एफसी आयडी, २४ बिटचा, हा स्विच देतो, म्हणजे भाड्याच्या खोलीचा पत्ता. त्यातले पहिले ८ बिट डोमेन म्हणजे कुठला स्विच, मधले ८ एरिया, शेवटचे ८ पोर्ट. सर्व्हरचं कार्ड केबल लागल्यावर फॅब्रिकला, म्हणजे जोडलेल्या स्विचच्या जाळ्याला, लॉगिन करतं त्याला फ्लोगी म्हणतात, तेव्हा हा पत्ता मिळतो, मग कार्ड नेम सर्व्हर या स्विचमधल्या नोंदवहीकडे जाऊन आपलं नाव नोंदवतं. आता आपल्याकडे देऊळवाडा किती गावात आहे बघा, गावाचं नाव न घालता नुसतं 'देऊळवाडा, घर नंबर १' असं पत्र टाकलं तर पोस्टमन करणार काय? दोन स्विचचा डोमेन एकच असला की तेच होतं, म्हणून फॅब्रिक जुळतच नाही.

त्यामुळे नवा स्विच जोडायच्या आधी तो वेगळा ठेवून डोमेन आयडी द्या. १ ते २३९ मधला कुठलाही चालतो, पण कारखान्यातून बहुतेक १ च येतो म्हणून तो कोणालाच देऊ नका, माझं तरी आता असंच आहे. ब्रोकेड कंपनीच्या स्विचवर आयडी बदलायला स्विच डिसेबल करावा लागतो, म्हणजे चालू स्विचवर हा प्रयोग दिवसा करू नये. आणि आयडी पक्का करून ठेवा, ब्रोकेडवर इन्सिस्टंट, सिस्कोवर स्टॅटिक. पावसात लाईट जाते येते, स्विच पुन्हा उठताना डोमेन बदलला तर सगळ्यांचे एफसी आयडी बदलतात, लिनक्सला विंडोजला फारसं वाटत नाही पण जुनी एचपी-युएक्स आणि एआयएक्सची मशीन डिस्क त्या आयडीवरून लक्षात ठेवायची, ती डिस्क हरवल्यासारखी करतात.

स्विच सेकंडहॅण्ड असेल तर त्यात जुन्या मालकाचे झोन, म्हणजे कोणी कोणाशी बोलायचं याच्या याद्या, असतात, तेही भांडतात. आधी झोनचं कॉन्फिग डिसेबल, क्लिअर, सेव्ह. पण कमांड मारण्याआधी प्रॉम्प्टवर स्विचचं नाव दोनदा वाचा, चुकून चालू स्विचवर मारली तर अख्ख्या फॅब्रिकचे झोन जातात. स्विच किती वेळ वाट बघतो त्या टायमरच्या व्हॅल्यू, इ-डी-टोव्ह २००० मिलीसेकंद आणि आर-ए-टोव्ह १०००० मिलीसेकंद, दोन्हीकडे सारख्या हव्यात, कोणी हात लावला नसेल तर असतातच.

ब्रोकेड आणि सिस्को एका फॅब्रिकमध्ये घालायचा हट्ट शक्यतो नकोच. करायचंच असेल तर धाकट्या स्विचला ॲक्सेस गेटवे (ब्रोकेडवर) किंवा एनपीव्ही (सिस्कोवर) मोडमध्ये टाका, मग तो डोमेन आयडी घेतच नाही, नुसता सर्व्हरचे लॉगिन पुढे ढकलतो, मोठ्या स्विचवर एनपीआयव्ही, म्हणजे एका पोर्टवर अनेक लॉगिन घ्यायची सोय, चालू असलं की झालं.

आता झोनिंग. एका झोनमध्ये सर्व्हरचं एकच पोर्ट आणि स्टोरेजचं पोर्ट, बस. इथली नेहमीची चूक म्हणजे नोड नेम आणि पोर्ट नेम यांची अदलाबदल, दोन्ही वर्ल्ड वाईड नेमच, एक उपकरणाचं, एक पोर्टचं. क्यूलॉजिक कंपनीच्या कार्डाचं पोर्ट नेम २१:०० ने सुरू होतं आणि नोड नेम २०:०० ने, बाकी सगळे आकडे तेच, डोळ्यांना कळतसुद्धा नाही. स्टोरेजच्या होस्ट लिस्टमध्ये नोड नेम टाकलंत की झोन बरोबर असूनही लन, म्हणजे स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क, दिसणार नाही. लिनक्सवर एफसी-होस्ट फोल्डरमधली पोर्ट-नेम फाईल उघडा, तिथून कॉपी पेस्ट करा, हाताने टाईप करू नका.

स्पीडचं साधं आहे, एसएफपी स्वतःच्या खाली दोन पिढ्या जुळवून घेतो. १६ जी (गिगाबिट) वाला ८ आणि ४ ला चालतो, २ ला नाही, ३२ जी वाला ८ च्या खाली जात नाही. म्हणून २ जीची जुनी टेप लायब्ररी नव्या स्विचला लावली तर कितीही देव पाण्यात ठेवा, लिंक येणार नाही, ८ जी चा एसएफपी आणि तो घेणारा स्विच लागेल. आणि पोर्ट मॉड-इन्व्ह दाखवत असेल तर एसएफपी मेलेला नाही, स्विचला तो मान्य नाही एवढंच. ८ जीच्या काळातल्या ब्रोकेडवर लिंक अधूनमधून तुटत असेल तर फिल वर्ड, म्हणजे डेटा नसताना लिंकवर पाठवायच्या भरावाची सेटिंग, बघा, बहुतेक वेळा मोड ३ ने निभतं. जुनं उपकरण लूपवर, म्हणजे उपकरणं रिंगणात जोडायच्या जुन्या पद्धतीवर, सेट केलेलं असेल तर पॉइंट टू पॉइंट करा, १६ जी स्पीडला लूप चालतच नाही.

केबल शेवटी आलीच. ८ जीला ओएम३ जातीच्या फायबरवर १५० मीटर, १६ जीला १००, ३२ जीला ७०. एका टोकाला जवळच्या अंतराचा शॉर्टवेव्ह, दुसऱ्याला लांबच्या अंतराचा लॉंगवेव्ह एसएफपी असं लावू नका. आमच्याकडच्या दमट हवेत कनेक्टरच्या टोकावर काय काय साचतं ते स्कोपखाली एकदा बघाच, लावण्याआधी क्लीनरने पुसायचंच, नवीन असली तरी.

सगळं झालं की स्विच आधी चालू, मग स्टोरेज, ते पूर्ण उठलं की सर्व्हर. सर्व्हरला दोन पोर्ट, दोन वेगळे फॅब्रिक, प्रत्येकात स्टोरेजची दोन पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या मल्टीपाथ सॉफ्टवेअरमध्ये (ते एका डिस्कचे अनेक रस्ते सांभाळतं) एका लनला चार पाथ दिसायला हवेत. मग एखादी फाईल कॉपीला लावून एका फॅब्रिकची केबल उपटा, दोन पाथ फेल होऊन कॉपी चालू राहते का बघा, परत लावा, चार होऊ द्या आणि मगच दुसरी उपटा.