फोटोतलं जनावर एआयने हलवताना या चुका टाळा

पोळ्याला सजवलेल्या जोडीचा फोटो, उन्हाळ्यात ओट्यावर जीभ काढून बसलेला कुत्रा, शेळीची नुकतीच जन्मलेली करडं. असे फोटो मराठवाड्यात घरोघरी मोबाईलमध्ये पडून असतात. आता त्यातला एखादा फोटो एआयच्या ॲपला दिला की पाच ते दहा सेकंदांचा हलता व्हिडिओ मिळतो. गूगलच्या जेमिनीमध्ये ही सोय आहे, क्लिंग, रनवे आणि लुमा या ॲपमध्येही आहे. पण हौसेने केलेल्या अनेक व्हिडिओंत जनावर हलतं खरं, आपलं मात्र वाटत नाही. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: फोटोत जे नाही ते आपण मागितलेलं असतं.

एआयला तुमचा बैल माहीत नसतो. त्याच्यासमोर एक चित्र असतं आणि पुढची चित्रं तो अंदाजाने रचतो. बंद तोंड उघडायला सांगितलं की आतले दात तो मनाने घालतो. गाय, बैल, म्हैस, शेळी यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते. तरी एआयचा ‘हसणारा बैल’ वरची शुभ्र दंतपंक्ती दाखवतो, आणि गोठ्यात वाढलेल्या माणसाला ते पाहताक्षणी खटकतं. रवंथ करतानाही तसंच. जनावराचा खालचा जबडा आडवा फिरतो; एआय तो माणसासारखा वर-खाली हलवतो. बसलेला बैल उठवायला सांगाल तर आणखी गडबड होते. बैल आधी मागचा भाग उचलतो, घोडा आधी पुढचे पाय टाकतो. एआय हे दोन्ही सहज एकमेकांत मिसळतो.

म्हणून हालचाल लहान मागा. कान मागे जाणं, शेपटीने माशी उडवणं, पापणी लवणं, श्वासाबरोबर बरगडी हलणं. कुत्र्याचं तोंड फोटोत आधीच उघडं असेल तर धापा टाकणं छान जमतं. बंद असेल तर नाकपुडी आणि कान पुरेत. जनावर ओळखू येतं ते अशा बारीक हालचालींनीच. उडी, धाव, नाच मागितला की चेहरा हातचा गेला म्हणून समजा.

फोटो निवडताना

आधी पाय मोजा. जोडी शेजारीशेजारी उभी असेल तर आठ पाय एकमेकांआड जातात. मग एआय कधी पाचवा पाय काढतो, कधी एका बैलाचा पाय दुसऱ्याला चिकटवतो. एकच जनावर, तिरकं उभं, चारही पाय सुटे दिसणारा फोटो घ्या. तसा नसेल तर छातीपासून वरचा भाग कापून घ्या. पण शिंगं कापू नका. शिंगाचं टोक चौकटीबाहेर असेल तर मान हलताच एआय ते टोक स्वतःच्या मनाने घडवतो.

कासरा, वेसण, म्होरकी ही दुसरी अडचण. नाकातली वेसण हालचालीत चेहऱ्यात विरघळते, दावं गळ्याभोवती वाढत जातं. झुलीवरचं नक्षीकाम आणि शिंगांचे गोंडेही पाण्यासारखे सरकतात. पोळ्याचा फोटो वापरायचाच असेल तर डोकं जवळपास स्थिर ठेवा. कानातल्या बिल्ल्यावरचे आकडे बिघडतातच, त्यात नवल नाही.

ठिपक्यांचं देवणी जनावर असेल तर अंगावरचे काळे ठिपके नीट बघा. पांढऱ्या अंगावरचे हे ठिपकेच त्याची ओळख. जनावर वळलं की न दिसणाऱ्या बाजूचे ठिपके एआय मनाने टाकतो. लाल कंधारीत ही भानगड नाही, पण रंग फिका पडून भलतंच जनावर वाटू शकतं. उस्मानाबादी शेळी बहुधा काळी. गोठ्याच्या अंधारात काढलेल्या फोटोत तिचे डोळे, कान, गळा सगळं एकच काळं होतं, मग हलवायला काही उरत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात, बाहेर काढलेला फोटो घ्या. शेळीच्या डोळ्याची बाहुली आडवी असते. व्हिडिओत ती गोल झाली असेल तर तो प्रयत्न बाजूला ठेवा.

फ्लॅशने चमकलेले डोळे आधी दुरुस्त करा. नाहीतर तीच हिरवी चमक पूर्ण व्हिडिओभर राहते आणि गरीब मांजर भुतासारखं दिसतं.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दबलेला असतो. ज्याच्याकडे मूळ फोटो आहे त्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ढाळजेतल्या भिंतीवरचा जुना फोटो काचेसकट काढू नका. चौकटीतून बाहेर काढून, सावलीच्या उजेडात, मोबाईल अगदी समांतर धरून, फ्लॅशशिवाय काढा.

काय लिहायचं

‘माझा सुंदर पांढरा बैल शेतात उभा आहे’ असं लिहिण्यात काही हशील नाही, ते चित्रात दिसतंच. हालचाल लिहा आणि जे हलू नये तेही लिहा: ‘कॅमेरा स्थिर. बैल तोंड न उघडता हळू चघळतो, एक कान मागे जातो, शेपटी एकदा हलते. पाठीमागचं काही बदलत नाही.’ मराठी बऱ्याचदा चालतं. पण एखाद्या ॲपला रवंथ, वशिंड असे शब्द कळले नाहीत, तर क्रिया साध्या शब्दांत सांगा.

चेहरा बिघडतो तो बहुधा शेवटच्या सेकंदांत, कारण मूळ फोटोपासून जितकं दूर जावं तितका अंदाज वाढत जातो. त्यामुळे दहापेक्षा पाच सेकंद बरे. काही ॲपमध्ये सुरुवातीचं आणि शेवटचं असं दोन्ही चित्र देता येतं. दोन्हीकडे तोच फोटो द्या. जनावर हलून पुन्हा मूळ रूपात येतं आणि चेहरा टिकतो.

व्हिडिओ येतच नसेल तर

बटण पुन्हापुन्हा दाबू नका, दर वेळी क्रेडिट (ॲपमधले वापराचे गुण) कापलं जाऊ शकतं. काम दूरच्या सर्व्हरवर चालू असतं, रेंज गेली तरी बहुधा थांबत नाही. थोड्या वेळाने ॲपमधल्या जुन्या कामांच्या यादीत बघा. आयफोनचा फोटो घेतला जात नसेल तर तो जेपीजी करून द्या. करडू हातात घेतलेलं लेकरू फोटोत असेल तर अनेक ॲप नकार देतात. मुलांचे फोटो तसेही कुणाच्या सर्व्हरवर टाकू नयेत, जनावरापुरता भाग कापून घ्या. ग्रुपवर आलेली एपीके फाईल (थेट ॲप बसवणारी फाईल) तर कधीच टाकू नका.

विक्रीसाठी असा व्हिडिओ मुळीच वापरू नका. लातूर जिल्ह्यातल्या हाळीच्या बाजारात घेणारा बैल चालवून बघतो, दात बघून चौसा (चार दातांचा) की जुळलेला (पूर्ण दातांचा) ते ठरवतो. एआयने चालवलेला बैल लंगडत नाही, म्हणून तो पाठवणं ही सरळ फसवणूक आहे. हौसेचा व्हिडिओ यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर टाकतानाही एआयची खूण चालू ठेवा.

गेलेल्या जनावराचा व्हिडिओ करताना घरच्यांना आधी विचारा. कुणाला तो पाहून बरं वाटतं, कुणाला सहन होत नाही. आणि आवाज एआयचा घेऊ नका. एआयचं हंबरणं किंवा भुंकणं कुठल्याही जनावराचं असतं. जुन्या एखाद्या व्हिडिओत आपल्या जनावराचा खरा आवाज सापडला, मागे कुणी बोलत असलं तरी, तोच काढून जोडा. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि केलेल्या व्हिडिओच्या नावातच ‘एआय’ लिहा. दहा वर्षांनी नातवंडांना खरं कोणतं ते कळायला हवं.