प्रवास-धोरणात ‘बिझनेस क्लास’ लिहिण्याआधी

बडोद्यातल्या मकरपुऱ्यात आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात तिकिटं आणि प्रवासबिलं माझ्याकडे असतात. जीआयडीसीतल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, ओळखीच्या कंपन्यांतून हल्ली विचारणा होते : आमची माणसं जर्मनीला जायला लागली, धोरण कसं लिहू? माझं सांगणं एकच. क्लासचं नाव लिहू नका, तास आणि झोप लिहा.

ही नावं बरीचशी माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांच्या नियमांमुळे बदलत आली आहेत. १९७०च्या दशकात सवलतीची तिकिटं वाढली आणि पूर्ण भाडं भरून कामाला निघालेला माणूस स्वस्तात सहलीला निघालेल्यांच्या शेजारी बसू लागला. त्याला वेगळं बसवायला पॅन ॲमने १९७८मध्ये क्लिपर क्लास काढला. पुढे कंपन्या ‘फर्स्ट नाही, बिझनेस चालेल’ असं लिहू लागल्या, म्हणून विमान कंपन्यांनी बिझनेसच सुधारला. २०००मध्ये ब्रिटिश एअरवेजने त्यात सपाट पलंग दिला. मग फर्स्ट क्लास कित्येक विमानांतून गेलाच. बिझनेस महाग झाल्यावर कंपन्यांनी हात आखडला आणि प्रीमियम इकॉनॉमीला, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधल्या क्लासला, गिऱ्हाईक मिळालं.

तास कुठले मोजायचे, हे आधी ठरवा. बडोद्यात यावरून हमखास वाद होतो, कारण इथल्या हरणी विमानतळाहून मुंबई किंवा दिल्ली गाठायची, तिथून फ्रँकफर्ट, पुढे कधी आणखी एक छोटं उड्डाण. एकूण तास धरले, तर हरणी–मुंबईलाही बिझनेसचं तिकीट मागतात. आमचं कलम असं आहे : ‘एकच सलग उड्डाण आठ तासांहून मोठं आणि रात्रीचं असेल, तर तेवढ्यापुरती सपाट झोपता येणारी जागा, बाकी इकॉनॉमी.’ युरोपातल्या छोट्या उड्डाणांत बिझनेसची खुर्ची बहुधा इकॉनॉमीचीच असते, शेजारची जागा तेवढी रिकामी ठेवतात. त्यावर खर्च नको. मात्र सगळी उड्डाणं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, घ्या. पहिलं लेट होऊन पुढचं चुकलं, तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते.

देशात इंडिगोने नोव्हेंबर २०२४मध्ये स्ट्रेच हा आपला बिझनेस क्लास सुरू केला. जागा ऐसपैस आहे, पलंग नाही. दोन तासांना इकॉनॉमीतली कडेची सीट पुरते.

भाड्याचा प्रकारही वाचा. कतार एअरवेजच्या बिझनेस लाइट या स्वस्तातल्या बिझनेस भाड्यामध्ये लाउंज मिळत नाही. आपल्याकडे व्हिसापायी तारखा हलतात, म्हणून तारीख बदलण्याचं शुल्क किती, हे मी भाड्याआधी बघते. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून इकॉनॉमीवर ५ टक्के, बिझनेसवर १८ टक्के आहे. कंपनीचा जीएसटी क्रमांक बुकिंग करतानाच टाका.

राहिला हुद्दा. केंद्र सरकारात वेतनस्तर १४पासून वरच्या, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांना बिझनेस मिळतो. छोट्या कारखान्याला हे माप लावणं मला पटत नाही. शेठ उतरून हॉटेलवर जातात; कमिशनिंगचा, म्हणजे माल बसवून चालू करून देणारा, इंजिनिअर उतरतो तो थेट साइटवर, चालू प्रेशर लाइनजवळ. झोपेची गरज त्याला जास्त. त्याला सपाट जागा द्या. बजेट नसेल, तर आदल्या दिवशी पोहोचवा आणि एक रात्र हॉटेल द्या. बहुतेक वेळा ते स्वस्त पडतं. अशा वेळी कलमात ‘उतरल्या दिवशी साइटवर काम नाही’ एवढं मात्र लिहाच.