हेल्थकेअरमध्ये शिरायचंय? छोटा कोर्स घेण्याआधी आणि घेताना काय काय बघायचं

हॉस्पिटलची नोकरी म्हटली की डोळ्यासमोर डॉक्टर येतो नाहीतर नर्स, आणि दोन्हीला वर्षानुवर्षं शिकायला लागतं म्हणून बरेच जण विषयच सोडून देतात. पण हॉस्पिटल काय त्या दोघांवर चालतं का? रक्त काढणारा वेगळा, ईसीजी काढणारा वेगळा, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणारा वेगळा, झोपून असलेल्या पेशंटची कूस बदलणारा वेगळा, आणि इन्शुरन्ससाठी आजारांचे कोड टाकणारा तर पेशंटचं तोंडही बघत नाही. यातल्या बऱ्याच कामांना काही आठवडे ते वर्षभराच्या कोर्सनंतर सुरुवात करता येते. प्रॉब्लेम एवढाच की चांगले कोर्स आणि नुसते कागद विकणारे कोर्स, दोघांच्या जाहिराती डिट्टो सारख्याच असतात.

म्हणून उलटीकडून सुरू करा. आधी कोर्स नको, आधी नोकरीच्या जाहिराती वाचा. तुम्हाला जिथे काम करायचंय त्या भागातल्या दहा-पंधरा जाहिराती काढा आणि त्यात कुठलं सर्टिफिकेट, कुठलं रजिस्ट्रेशन मागितलंय ते लिहून घ्या, मग दोन-तीन लॅबना किंवा हॉस्पिटलच्या एचआरला सरळ फोन करून विचारा की अमुक संस्थेचा कोर्स केलेला माणूस तुम्ही घेता का. बरेच लोक इथे लाजतात, पण याच एका फोनमध्ये सगळं कळतं. कोर्सवाले "मान्यताप्राप्त" म्हणाले तर कोणाची मान्यता ते विचारा आणि त्या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव आहे का ते स्वतः बघा, त्यांनी दाखवलेल्या फोटोवर जाऊ नका. काही कामांना लायसन्स लागतं, काहींना नाही, आणि हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, त्यामुळे दुसऱ्या गावच्या माणसाचा सल्ला तिथलाच समजायचा.

आता कुठलं काम आपल्याला झेपेल ते. पेशंट केअरचं काम सगळ्यात लवकर मिळतं आणि सगळ्यात जास्त लोक यातूनच पळून जातात, कारण कोर्सच्या जाहिरातीत बेडपॅन दिसत नाही. नाईट शिफ्ट, वास, उलटी, चिडलेले नातेवाईक हे सगळं रोजचं. आणि अंगमेहनत आहे. ज्याला स्वतःला हलता येत नाही त्याला बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, ती ताकदीने ओढून केलीत तर तुमची पाठ वर्षभरात जाते आणि पेशंटची कातडी घासते ती वेगळीच. पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना खुर्ची पेशंटच्या चांगल्या, म्हणजे जोर असलेल्या बाजूला लावायची, आधी ब्रेक, मग फूटरेस्ट बाजूला, मग उठवायचं. या गोष्टी पुस्तकातून कळतात पण अंगवळणी पडत नाहीत, त्या कोणीतरी शेजारी उभं राहून करून घ्यायला लागतात.

रक्त काढायचं काम, म्हणजे फ्लेबोटॉमी, मला स्वतःला छोट्या कोर्समधलं सगळ्यात सरस वाटतं, कारण कौशल्य नेमकं आहे आणि हात बसला की बसला. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाने दाबून शोधायची, दाबलं की स्प्रिंगसारखी वर येते ती घ्यायची. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही, नाहीतर काही रिपोर्ट बदलतात. ट्यूबचा क्रमही ठरलेला असतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असतं आणि त्यात पोटॅशियम असतं, त्यातला थोडा अंश जरी पुढच्या ट्यूबमध्ये गेला तरी पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम खोटं कमी, म्हणून ती बायोकेमिस्ट्रीच्या ट्यूबनंतरच भरायची. ट्यूब भरली की हळूच उलटी-सुलटी करायची, खळखळ हलवायची नाही, आणि लेबल पेशंटसमोरच लावायचं, टेबलावर जाऊन नाही. आता विचार करा, जो कोर्स हे सगळं नुसत्या व्हिडिओवर शिकवतो तो तुमच्या काय कामाचा?

ईसीजीचंही तसंच आहे. मशीनला बारा लीडचं म्हणतात, लीड म्हणजे कागदावर उमटणारे हृदयाचे वेगवेगळे आलेख, पण अंगाला चिकटवायचे इलेक्ट्रोड दहाच, आणि त्यातले छातीवरचे पहिले दोन चौथ्या बरगडीखालच्या जागेत लावायचे असतात, पण घाईत ते सर्रास वर लागतात आणि मग चांगल्या माणसाचा ईसीजी बिघडलेला दिसू शकतो. बरगड्या मोजायला शिकवतात का एवढं विचारलंत तरी शिक्षकाची पारख होते.

हत्यारं निर्जंतुक करायचा विभाग शांत माणसांसाठी बरा, पेशंटशी बोलणं जवळपास नाही, पण शिस्त कडक. मेडिकल कोडिंग, म्हणजे ते आजारांचे कोड टाकायचं काम, हा ऑफिस जॉब, आजारांचे कोड डब्ल्यूएचओच्या आयसीडी या यादीवर चालतात, फक्त फ्रेशरना पहिली नोकरी मिळायला वेळ लागतो हे कोर्सवाले सांगत नाहीत.

बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला जगवायचं प्राथमिक ट्रेनिंग, मात्र कुठलंही काम धरलंत तरी करून टाका. मोठ्या माणसाला छाती दाबताना मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि ५ ते ६ सेंटीमीटर खोल, हे ऐकायला सोपं आहे, पुतळ्यावर दोन मिनिटं करून बघा म्हणजे कळेल किती दमायला होतं ते. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड २ वर्षं चालतं, नंतर परत करावं लागतं.

फी भरण्याआधी संस्थेत जाऊन चार गोष्टी विचाराच: प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये किती तास, कुठल्या हॉस्पिटलमध्ये, तिथे नुसतं बघायचं की हात लावू देणार, आणि हे लेखी देणार का. लेखी म्हटल्यावर समोरचा विषय बदलायला लागला तर तिथून उठायचं. शंभर टक्के नोकरीची गॅरंटी, आजच ॲडमिशन घेतलं तर सूट, हजेरीची अट नाही, असलं काही ऐकलं तरी तेच. आणि पुढे नर्सिंग किंवा लॅबचा मोठा कोर्स करायचा झाला तर याचे क्रेडिट धरतात का हेही विचारून ठेवा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. हिपॅटायटिस बीची लस नेहमीच्या वेळापत्रकाने ०, १ आणि ६ महिन्यांवर असते, म्हणजे तीन महिन्यांचा कोर्स संपला तरी तुमचा तिसरा डोस बाकीच. त्यामुळे ॲडमिशनचा विचार सुरू झाला की त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या, रक्ताशी संबंधित काम असेल तर नक्कीच. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, सरळ शार्प्सच्या, म्हणजे सुया-ब्लेड टाकायच्या डब्यात, ही सवयही पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

कोर्स सुरू झाला की लॉगबुक, म्हणजे तुम्ही स्वतः केलेल्या कामांची नोंदवही, रोजच्या रोज भरा आणि सिनियरची सही त्याच दिवशी घ्या, महिन्याभराने तो बदललेला असतो आणि मग तुम्ही काढलेल्या पन्नास सॅम्पलना कोणी वाली राहत नाही. त्याचे फोटो काढून ठेवा, पण पेशंटचं नाव आणि नंबर झाकून. इंटरव्ह्यूला गेलात की सर्टिफिकेटच्या वर हे लॉगबुक ठेवा, आणि डेमो द्यायला सांगितला तर कुठल्याही सामानाला हात लावायच्या आधी हात धुवा, साबणाने ४० ते ६० सेकंद, कारण समोरचे तिथूनच बघायला सुरुवात करतात.