कॅम 4 अंश पुढे घेतला आणि क्वॉड खालून ओढायला लागली
माझी स्पोर्ट क्वॉड (चार चाकांची ऑफ-रोड बाइक) वरच्या आरपीएमला सुसाट, पण वळणातून बाहेर पडताना दम नाही. कार्ब्युरेटर आणि टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट) बरोबर होते. टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारी साखळी, ताणली की कॅम मागे पडतो, म्हणून आधी चेन नवी टाकली आणि मग टायमिंग मोजलं.

क्रँकवर डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती), प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा तुकडा). खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वात वर असतो तो बिंदू, असाच मिळतो. फ्लायव्हीलच्या खुणेवर मी भरवसा ठेवत नाही. इनटेक (मिश्रण आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हवर डायल गेज लावून सर्वाधिक लिफ्टच्या (व्हॉल्व्ह जास्तीत जास्त उघडतो त्या जागेच्या) दोन्ही बाजूंना सारख्या लिफ्टचे अंश टिपले. त्यांचा मध्य, म्हणजे सेंटरलाइन, टीडीसीनंतर 110 अंशांवर निघाली. लांबट भोकांच्या स्प्रॉकेटवर कॅम 2 अंश पुढे घेतला. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे क्रँकवर 4 अंश: 106. आता इनटेक लवकर मिटतो आणि कमी वेगात आत आलेलं मिश्रण परत बाहेर ढकललं जात नाही.

यात पिस्टन आणि इनटेक व्हॉल्व्हमधलं अंतर घटतं. ते पिस्टनवर मऊ मॉडेलिंग क्लेचा गोळा ठेवून मोजल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नका! इंजिन हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर न लावता तिथेच थांबा.

थ्रॉटल दिला की क्वॉड आता लगेच उचलते. वरचा जोर किंचित गेला, पण अरुंद वळणांच्या ट्रॅकवर तो मला नकोच होता. स्प्रॉकेटच्या बोल्टना थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) मात्र लावाच.