आधी मदतीची खोली, मग मंच

कॉलेजात सांस्कृतिक सप्ताह घ्यायचं ठरलं की समितीची पहिली बैठक मंच, बॅनर आणि पाहुण्यांच्या नावांतच संपते. माझा आग्रह आहे की या पहिल्या बैठकीचा विषय मदत केंद्र, म्हणजे अडचणीतल्या विद्यार्थ्याने जायची खोली, हा ठेवा. वेगळ्या देशातून, भाषेतून किंवा धर्मातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण झाली तर तो आज कोणाकडे जातो, ते कागदावर लिहून काढा. शिष्यवृत्तीचा किंवा व्हिसाचा कागद अडला तर कोण? वसतिगृहात त्याच्या उच्चारांची नक्कल करून कोणी छळलं तर कोण? व्याख्यान कळत नसेल, रात्री एकटेपणा असह्य झाला, तर कोण? प्रत्येक प्रश्नापुढे नुसता हुद्दा नको. माणसाचं नाव, बसायची जागा आणि भेटीची वेळ लिहा. जिथे नाव लिहिता येत नाही ती जागा सप्ताहाआधी भरायची. सप्ताहभर आपण या मुलांना ‘तुम्ही आमचेच’ म्हणणार, आणि पुढच्या सोमवारी त्यांना केंद्राचं दार बंद दिसणार, असं होता कामा नये.

खोली कुठे आहे तेही जाऊन बघा. शिस्तपालन समितीच्या दाराला लागून मदत केंद्र असेल तर घाबरलेलं मूल तिथवर जात नाही. आत दार लावून बोलता येईल अशी छोटी जागा हवी. बोललेलं गुप्त राहील आणि जिवाला धोका दिसला तरच ते पुढे सांगावं लागेल, ही मर्यादा समुपदेशकाने पहिल्याच भेटीत सांगावी. दुभाष्या लागला तर वर्गमित्राला बसवू नका. ज्याच्यासमोर रोज वावरायचं आहे त्याच्यासमोर मनातलं कोण बोलेल? आणि स्वागताच्या आठवड्यावर सगळी मदत खर्च करू नका. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी 1950च्या दशकात ‘कल्चर शॉक’ची, म्हणजे परक्या संस्कृतीत आल्यावर बसणाऱ्या धक्क्याची, मांडणी केली. तिच्यात सुरुवातीला नवलाई, मग चीड आणि उदासी, मग हळूहळू रुळणं अशा पायऱ्या होत्या. पुढच्या अभ्यासांत सगळेच या क्रमाने जातात असं आढळलं नाही. अनेकांना पहिलेच आठवडे सर्वांत जड गेले. म्हणून विद्यार्थ्याची विचारपूस अगदी सुरुवातीला एकदा आणि सत्राच्या मध्यावर पुन्हा एकदा करायची, आणि दोन्ही वेळा केंद्राने स्वतःहून करायची.

आता तारखा. परीक्षांचं वेळापत्रक आणि सणवारांची दिनदर्शिका शेजारी ठेवून बसा. इस्लामी दिनदर्शिकेतलं हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो. गेल्या वर्षीची तारीख पुढे ओढली की चूक झालीच. त्या महिन्यात दुपारचं स्नेहभोजन ठेवलं तर रोजा धरणारे विद्यार्थी बाहेर राहतात. ज्यू सण आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतात, म्हणजे आदली संध्याकाळही मोकळी सोडावी लागते. अनेक ऑर्थोडॉक्स चर्च नाताळ 7 जानेवारीला पाळतात. चीन, कोरिया, व्हिएतनाम इथलं चांद्र नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीही येतं. हे सगळं सांभाळून निर्दोष आठवडा सापडणार नाही, पण कोणाचा मोठा दिवस आड येतो ते आधी कळलं तर त्या मुलांशी बोलून मार्ग काढता येतो. याच बैठकीत परीक्षा विभागालाही बसवा. सणाच्या दिवशी पेपर आला तर वेगळी वेळ मागण्याचा अर्ज कुठे करायचा, ते सत्र सुरू होतानाच जाहीर झालं पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय दिवस आयते मिळतात, मात्र त्यांचा इतिहास वाचल्याशिवाय ते निवडू नका. 21 फेब्रुवारी हा मातृभाषा दिन युनेस्कोने 1999 साली जाहीर केला, पण तारीख 1952ची आहे. त्या दिवशी ढाक्यात बंगाली भाषेच्या हक्कासाठी उतरलेले विद्यार्थी गोळीबारात मारले गेले. त्यांचा उल्लेख न करता नुसती गाण्यांची स्पर्धा घेणं मला पटत नाही. 21 मार्च हा वंशभेदविरोधी दिन. 1960 साली याच दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल इथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या आणि 69 जण ठार झाले. याच सुमाराला नवरोज, म्हणजे इराण आणि मध्य आशियातलं वसंतातलं नववर्षही येतं. एकाच कॅम्पसवर कोणी नवं वर्ष साजरं करणार आणि कोणी श्रद्धांजली वाहणार, तेव्हा दोन्हींच्या वेळा आणि जागा वेगळ्या ठेवा. हलकाफुलका, गप्पांचा दिवस हवा असेल तर 21 मेचा सांस्कृतिक विविधता दिन आहे.

कार्यक्रमाचा साचा ठरवताना थोडं थांबून विचार करा. देशादेशांचे स्टॉल आणि त्यांच्यापुढून फिरणारे बघे, यातून ओळख होते असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली मांडलं होतं की, वेगवेगळ्या गटांची माणसं एकत्र आली की पूर्वग्रह आपोआप जात नाहीत. त्यासाठी दोन्हींचा दर्जा समान लागतो, ध्येय एक लागतं, ते गाठायला एकमेकांची मदत लागते आणि संस्थेचा उघड पाठिंबा लागतो. तुमच्या प्रत्येक कार्यक्रमाला या चार कसोट्या लावा. स्टॉलच्या रांगेत एक जण दाखवणारा आणि दुसरा पाहणारा. समानता तिथेच सुटते. उलट मिश्र गटाने ग्रंथालयाच्या सूचना पाच भाषांत तयार केल्या, किंवा एक नाटक मिळून बसवलं, तर चारही गोष्टी जमतात. शिवाय त्या सूचना सप्ताहानंतरही भिंतीवर राहतात.

वक्ते आणि कलाकार शोधताना एखाद्या समाजाचा कॅम्पसवरचा एकुलता एक विद्यार्थी हेरून त्याला ‘तुमच्याबद्दल सांग’ असं म्हणू नका. नकार देणं त्याला अवघड जातं, आणि त्याच्या एका वाक्यावरून लोक सगळ्या समाजाचं मत ठरवतात. सगळ्यांना खुलं आवाहन करा, जो येईल त्याला स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलू द्या, आणि त्याच्या वेळेचं मानधन अंदाजपत्रकात धरा. वेशभूषा स्पर्धा टाळाच. एखाद्याच्या पूजेतली किंवा शोकातली वस्तू दुसऱ्याने सजावट म्हणून अंगावर घालावी, हे फार दुखावणारं असतं. झेंडे आणि नकाशे लावण्याआधी संबंधित विद्यार्थ्यांना विचारा. ज्याने देशातून पळून आश्रय घेतला आहे त्याला तिथला झेंडा आपला वाटेलच असं नाही, आणि वादग्रस्त सीमेच्या दोन्ही बाजूंचे विद्यार्थी तुमच्याच वर्गात असू शकतात. अशाच कारणाने फोटोंची परवानगीही आधी लेखी घ्या. फोटो बाहेर गेल्याने कोणाच्या घरच्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून ‘माझा फोटो नको’ म्हणणाऱ्यांसाठी वेगळ्या रंगाचा बिल्ला ठेवा आणि फोटोग्राफरला त्याचा अर्थ समजावून सांगा.

नावांसाठी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवा. सूत्रसंचालकाने प्रत्येकाकडून त्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐकावं, देवनागरीत लिहून घ्यावं आणि तालमीत मोठ्याने म्हणावं. नोंदणीच्या फॉर्मवर नाव आणि आडनाव असे दोन सक्तीचे रकाने असतील तर ते बदला. कित्येकांना एकच नाव असतं, कित्येकांचं कुळाचं नाव आधी येतं. ‘पूर्ण नाव’ आणि ‘काय म्हणून हाक मारू’ एवढे दोन रकाने पुरतात.

जेवणाच्या प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय काय आहे ते लिहा. ‘शाकाहारी’ एवढं पुरेसं नाही, कारण जिलेटिन, मद्य, शेंगदाणे, तीळ, दूध यांपैकी काहीही कोणाला वर्ज्य किंवा घातक असू शकतं. रॅम्प, सांकेतिक भाषेचा दुभाष्या आणि नमाज-प्रार्थनेसाठी शांत खोली यांची मागणी आयत्या वेळी होते. ती महिनाभर आधी नोंदवा. ध्वनियंत्रणेचं काम नेहमीचे लोक बघतीलच.

सुरक्षारक्षक, वसतिगृहाच्या अधीक्षक आणि कार्यालयातले कारकून यांचं प्रशिक्षण मात्र विसरू नका. परका विद्यार्थी प्राध्यापकांना भेटण्याच्या कितीतरी आधी यांना भेटतो. फाटकावर रोज त्यालाच थांबवून ओळखपत्र मागितलं जात असेल तर सप्ताहातल्या भाषणांचा त्याला काय उपयोग? चर्चासत्रात कोणी अपमानास्पद बोललं तर सूत्रधाराने कोणत्या शब्दांत थांबवायचं याची तालीम करा, आणि तक्रार कुठे द्यायची व किती दिवसांत उत्तर मिळेल हे प्रत्येक पोस्टरच्या तळाशी छापा.

सप्ताह संपल्यावर निनावी प्रतिसाद घ्या आणि न आलेल्यांनाही गाठून कारण विचारा. अंदाजपत्रकातला एक ठरावीक भाग आधीच मदत केंद्रासाठी बाजूला काढा, म्हणजे मंचाचा खर्च वाढला तरी त्याला हात लागणार नाही. पुढच्या समितीसाठीची फाइल दहा दिवसांच्या आत पूर्ण करा. तिच्यात दुभाष्यांचे संपर्क, आड आलेल्या तारखा, न सुटलेल्या तक्रारी आणि न आलेल्यांनी दिलेली कारणं असावीत. तिची एक प्रत केंद्रातच ठेवा.