गंगापूर धरणाकाठी मुलांचं हॅलोवीन: तंबूतला मुक्काम कसा आखावा

एक नियम आधी सांगते, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. भूत मुलांनी व्हायचं आणि घाबरायचं मोठ्यांनी. अंधारातून अचानक ‘भॉ’ करणारा हौशी काका प्रत्येक घरात असतो. त्याला निघण्याआधीच फोन करून समजावा. पाच वर्षांच्या पोराला एकदा तसं घाबरवलं की ते रात्रभर आईला चिकटतं आणि पुढच्या वर्षी यायला तयार होत नाही.

मी नाशिकच्या इंदिरानगरला मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. ऑक्टोबर संपता संपता वर्गातली मुलं, त्यांचे आईबाबा आणि जमलं तर आजीआजोबा, असे आम्ही धरणाच्या बॅकवॉटरला एका रात्रीसाठी जातो. अमेरिकेत कुटुंबांसाठीच्या कॅम्पग्राउंडवर ऑक्टोबरात शनिवार-रविवारी हाच कार्यक्रम असतो. जो तो आपला तंबू सजवतो आणि मुलं सोंगं घेऊन तंबूतंबूंतून खाऊ मागत फिरतात. आपण तेवढंच घ्यायचं. हॅलोवीन असतं 31 ऑक्टोबरला. 2026 मध्ये तो दिवस शनिवारी येतो आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे फराळाची गडबड ऐन भरात येण्याआधी हे उरकतं.

जागा बघायला दिवसाच जाऊन या. गंगावऱ्हे, सावरगाव, गिरणारे या पट्ट्यात तंबूवाले बरेच आहेत. फोटोतला सूर्यास्त सगळीकडे सारखाच असतो, त्यावर जाऊ नका. तारेचं कुंपण किंवा भिंत आहे का आणि स्वच्छतागृहापर्यंत दिवे आहेत का, ते बघा. तंबूभोवतीचं गवत कापलेलं हवं, कारण पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात घोणस असू शकते. मुलांच्या पायात बंद बूट हवेतच, सोंग कोणतंही असो. आपल्या जिल्ह्यात बिबट्या आहे, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. उरलेलं अन्न उघड्यावर टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. म्हणून कचरा झाकणाच्या डब्यात ठेवायचा, लहान मुलाला एकटं कुंपणाबाहेर सोडायचं नाही आणि मुलांची फेरी साडेसातच्या आत संपवायची. दिवस सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे काळोख पुरेसा मिळतो.

आता भोपळा. यावर अर्धा दिवस खुशाल घालवा.

आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिकडची माणसं अमेरिकेत गेली आणि त्यांच्या हाताला भोपळा लागला. आपला तांबडा भोपळा, म्हणजे डांगर, चपटा, खोल रेघांचा आणि जाड सालीचा असतो. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात चार-पाच किलोचा, बूड सपाट असलेला बघून घ्या. देठ शाबूत हवा, तो उचलायला मुठीसारखा कामी येतो. कोरायचा मात्र त्याच दिवशी दुपारी. ऑक्टोबरच्या उन्हात आदल्या दिवशी कोरलेला भोपळा दुसऱ्या दिवशी मऊ पडून वास मारायला लागतो.

देठाकडून झाकण कापू नका, बुडाला गोल कापा. मग दिवा जमिनीवर ठेवून भोपळा वरून टोपलीसारखा पालथा घालता येतो आणि झाकण आत पडायची भानगड राहत नाही. सुरी मोठ्यांच्याच हातात असावी, भोपळ्याखाली गोणपाट घालावं म्हणजे तो घसरत नाही. बिया आणि धागे मुलांनी हातांनीच काढायचे. नाक मुरडणारी मुलं दोन मिनिटांत कोपरापर्यंत आत जातात. चेहरा ज्या बाजूला कोरायचा तिथला गर मोठ्या चमच्याने खरवडत भिंत अंगठ्याच्या जाडीएवढी करा, नाहीतर सुरी अडकते आणि उजेडही नीट बाहेर येत नाही. हा गर स्वच्छ डब्यात घालून बर्फाच्या पेटीत ठेवा. मुलांनी चेहरा आधी कागदावर काढावा, मग खडूने सालीवर. डोळे मोठे ठेवा आणि दात दोन-तीनच, पण रुंद. बारीक दात सुकून आत वळतात. कापलेल्या कडांना तेलाचं बोट फिरवलं की त्या लवकर सुरकुतत नाहीत.

चार-पाच वर्षांच्या मुलांना भोपळा झेपत नाही. त्यांना लाल-पिवळी ढोबळी मिरची द्या. वरची चकती आईने कापायची, आतल्या बिया मुलाने चमच्याने काढायच्या आणि बोथट सुरीने दोन डोळे पाडायचे. आत छोटा दिवा ठेवला की साल अशी उजळते की मूल ती खाली ठेवायला तयार होत नाही. माझा धाकटा भाचा अंधाराला फार भितो. त्याने तंबूत स्वतःच्या मिरचीचा दिवा चालू-बंद, चालू-बंद करत भिंतीवरचे ते दोन डोळे कितीतरी वेळ हजर केले आणि घालवले. भीतीचं बटण त्याच्या हातात होतं, म्हणून तो हसत होता.

दिवे बॅटरीचेच घ्या. पणती कितीही सुंदर दिसली तरी झग्यात गुरफटलेल्या मुलांजवळ ती नको. त्या छोट्या दिव्यांत बटणासारखा सेल असतो आणि तो गिळला गेला तर थेट दवाखानाच गाठावा लागतो. स्क्रूने बंद होणारं झाकण बघून घ्या, निघताना मोजा आणि परतताना पुन्हा मोजा.

सोंगांसाठी बाजारातले प्लास्टिकचे सांगाडे आणू नका, असं मी हट्टाने सांगते. आपल्याकडे मुंजा आहे, वेताळ आहे, पंचवटीची शूर्पणखा आहे, भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी आहे. मऊ जुन्या धोतराचं भूत सगळ्यात छान होतं. सुती कापड घ्या, घोट्याच्या वर राहील एवढंच लांब ठेवा आणि डोळ्यांची भोकं चांगली मोठी पाडा. मुखवटे कागदाच्या लगद्याचे करायचे असतील तर आठवडाभर आधी घरी करून वाळवा. पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्यातले, म्हणजे तिथल्या सोंगांच्या उत्सवातले, मुखवटे मुलांना जरूर दाखवा, त्यातला रंगांचा धीटपणा बघण्यासारखा आहे. पण ती तिथल्या लोकांची देवाची सोंगं आहेत, त्यांची नक्कल करून भूत बनवायचं नाही. तोंड रंगवायला काजळ आणि बीटाचा रस पुरतो, रात्री काजळ खोबरेल तेलाने पुसायचं आणि रस पाण्याने धुवायचा.

सजावटीला द्राक्षबागेच्या काड्यांइतकं झकास काही नाही. याच दिवसांत आपल्याकडे ऑक्टोबर छाटणी चालू असते आणि बांधावर वाकड्यातिकड्या काड्यांचे ढीग पडलेले असतात. शेतकऱ्याला विचारून दोन मोळ्या मागा. त्यांवर आधीच्या फवारण्यांचा अंश असतो, तेव्हा मोठ्यांनी हातमोजे घालून धुऊन वाळवून आणायच्या आणि शेकोटीत मुळीच टाकायच्या नाहीत. ज्या बागेत छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या जागांना, पेस्ट लावायचं काम चालू आहे तिथे मुलांना नेऊ नका, ते औषध विषारी असतं. तंबूच्या दाराशी काड्यांची कमान उभी केली आणि मागे एक बॅटरी ठेवली की कापडावर लांबलचक बोटं उमटतात. थर्माकोल, चमकी, स्प्रेचे रंग नकोत. धरणाचं हेच पाणी आपल्या नळाला येतं.

खाऊच्या फेरीत नुसतं ‘द्या’ म्हणून मिळत नाही. भोंडल्यात खिरापत ओळखतात ना, तसं करायचं. प्रत्येक तंबूत डबा बंद ठेवायचा, भुतांनी तो कानाशी धरून खुळखुळवायचा, वास घ्यायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, मनुका, चुरमुऱ्याचे लाडू, प्रत्येक तंबूत वेगळं काहीतरी. भुतं ओळखेपर्यंत घरधन्याने दाराशी थरथरत उभं राहायचं, हे मुलांना खाऊपेक्षा जास्त आवडतं. शेंगदाणे चालत नाहीत असं कोणी मूल आहे का, हे आधीच विचारून ठेवा. फेरीत पुढे एक मोठं माणूस आणि मागे एक.

मग शेकोटी, तंबूंपासून चांगली दहा-बारा पावलं लांब आणि पाण्याची बादली शेजारी. रताळी आणि कणसं भाजा. इथे आजोबांना बोलवा. ‘कशाला ही भुताखेतांची थेरं’ म्हणून निघताना कुरकुरणारे आजोबाच चकव्याची गोष्ट सगळ्यात रंगवून सांगतात, रात्रभर चालून माणूस पहाटे पुन्हा त्याच बाभळीपाशी कसा येतो ते. गोष्ट संपली की त्यावर विज्ञानाचा तास घेऊ नका, मुलं आपणच प्रश्न विचारतात. पण एक गोष्ट आमच्या शेकोटीवर कधीच सांगितली जात नाही, डाकिणीची. आपल्या राज्यात खऱ्याखुऱ्या बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला त्यामागे असलीच कारणं आहेत. त्या शब्दावर मुलांना हसायला शिकवायचं नाही.

झोपताना प्रत्येक मुलाच्या उशाशी त्याचा दिवा असू द्या. रात्री गार वारा सुटतो, स्वेटर आणि कानटोपी लागतेच.

सकाळी त्या गराचे घारगे. दोन वाट्या गर किसून किंवा कुस्करून, एक वाटी गूळ घालून शिजवायचा, निवला की वेलची, चिमूटभर मीठ, चमचाभर गरम तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. पाणी अजिबात नको. घट्ट मळून प्लास्टिकच्या कागदावर जाडसर थापा आणि मंद आचेवर तळा. बिया धुऊन उन्हात घाला. कोरलेले भोपळे खडू पुसून, दिवे काढून शेजारच्या शेतकऱ्याला विचारून द्या, गाईम्हशी ते आवडीने खातात.