पुण्यातल्या मुठा नदीच्या पाण्यातले जिवंत जिवाणू कसे मोजावेत : प्लेट पद्धत

सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसतात, पण त्यातले जिवंत कोणते आणि मेलेले कोणते हे नुसतं पाहून कळत नाही. प्लेट पद्धतीत नमुना पातळ करून अगारवर (प्लेटमध्ये घट्ट झालेल्या जेलीसारख्या पोषक माध्यमावर) पसरतात आणि वाढलेल्या कॉलनी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारे जिवाणूंचे ठिपके, मोजतात. चूक बहुतेक वेळा होते ती मोजताना नव्हे, पातळ करताना. म्हणून इथे त्या पायरीला जास्त जागा दिली आहे. हे काम प्रयोगशाळेतच करा, स्वयंपाकघरात नको.

नमुना

निर्जंतुक बाटली पृष्ठभागाखाली साधारण २० ते ३० सेंमी बुडवा. तोंड पाणी जिकडून वाहत येतं त्या दिशेला असावं, म्हणजे हातावरून आलेलं पाणी आत जात नाही. बाटली काठोकाठ भरू नका, हलवायला जागा हवी. नदीकाठच्या विठ्ठलवाडीचा नमुना दुपारच्या उन्हात दुचाकीच्या डिकीतून आणला, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो वेगळाच नमुना झालेला असतो. बर्फाच्या डब्यात आणा आणि ६ तासांच्या आत काम सुरू करा.

नळाचं पाणी तपासायचं असेल तर त्यातला क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतो. त्यासाठी १२० मिलीच्या बाटलीत ३ टक्के सोडियम थायोसल्फेटचं ०.१ मिली द्रावण आधीच घालून बाटली निर्जंतुक करतात. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं, तर शुक्रवारी सकाळचं पहिलं गढूळ पाणी नेहमीचा नमुना म्हणून धरू नका.

माध्यम

१ लिटर पाण्यात ट्रिप्टोन ५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २.५ ग्रॅम, ग्लुकोज १ ग्रॅम आणि अगार १५ ग्रॅम, पीएच ७. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं. प्रत्येक प्लेटमध्ये १५ ते २० मिली ओता. पावसाळ्यात प्लेटा लवकर सुकत नाहीत आणि ओल्या अगारवर कॉलनी एकमेकींत वाहून जातात, म्हणून वापरण्याआधी त्या ३७ अंशाला नीट सुकवून घ्या. काम करताना पंखा बंद ठेवा.

पातळ करणं

पाच नळ्यांत प्रत्येकी ९ मिली निर्जंतुक ०.८५ टक्के सलाइन (मिठाचं पाणी) घ्या. साधं डिस्टिल्ड वॉटर वापरलं तर पेशींत पाणी शिरून काही जिवाणू मरतात. नमुना जोरात २५ वेळा हलवा, कारण गाळाला चिकटलेला जिवाणूंचा पुंजका फुटला नाही तर त्या सगळ्यांची मिळून एकच कॉलनी दिसते. मग १ मिली पहिल्या नळीत घाला, नीट ढवळा. त्यातलं १ मिली दुसऱ्या नळीत, आणि असंच पुढे.

दर वेळी नवी पिपेट घ्या. आधीच्या नळीतले जिवाणू पिपेटच्या आतल्या भिंतीला चिकटून पुढे जातात आणि पुढच्या नळ्यांचे आकडे खोटे वाढतात.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये सलाइन उडून ९ ऐवजी ८.५ मिली उरलं, तर प्रत्येक पायरी १० पट नव्हे, ९.५ पट होते. तीन पायऱ्यांनंतर तुम्ही १००० पट धरता, प्रत्यक्षात असतं ८५७ पट. म्हणजे आकडा सुमारे १७ टक्के फुगतो, आणि कॉलनी कितीही काळजीपूर्वक मोजल्या तरी तो सुधारत नाही. त्यामुळे सलाइन आधी निर्जंतुक करून मग मोजून नळ्यांत भरणं चांगलं. पहिल्या नळीपासून प्लेटपर्यंतचं काम २० मिनिटांत संपवा.

पसरणं आणि वाढवणं

प्रत्येक नळीतलं ०.१ मिली दोन-दोन प्लेटांवर टाकून स्प्रेडरने पसरा. स्प्रेडर अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरल्यावर पूर्ण गार होऊ द्या. सोबत एक कोरी प्लेट आणि फक्त सलाइन टाकलेली एक प्लेट ठेवा; त्यांवर काही उगवलं तर त्या दिवसाचे आकडे टाकून द्या. प्लेटा उलट्या ठेवा, म्हणजे झाकणावरचे थेंब कॉलनीवर पडत नाहीत. ३७ अंशाला ४८ तास. हात बसवायचा असेल तर पाषाणच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून ओळखीचा, निरुपद्रवी जिवाणू मागवून आधी त्यावर सराव करा.

मोजणी

३० ते ३०० कॉलनींच्याच प्लेटा धरा. ३० च्या खाली योगायोगाचा वाटा मोठा असतो (३० ला साधारण १८ टक्के, १५० ला ८ टक्के), ३०० च्या वर कॉलनी एकमेकींना दाबतात. प्लेटच्या मागच्या बाजूला मार्करने ठिपका देत मोजा. टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनीही सोडू नका.

समजा तिसऱ्या नळीच्या (१००० पट) दोन प्लेटांवर १४२ आणि १५६ कॉलनी आल्या. सरासरी १४९. टाकलं ०.१ मिली, म्हणून १४९ × १० × १००० = १४,९०,०००. अहवालात मात्र दोनच सार्थ अंक ठेवून १५ लाख सीएफयू (कॉलनी तयार करणारी एककं) प्रति मिली असं लिहा. ‘इतके जिवाणू’ असं लिहू नका. नदीतले बरेच जिवंत जिवाणू या माध्यमावर वाढतच नाहीत, आणि एका कॉलनीमागे एकच पेशी होती याची खात्री नसते. माध्यम, तापमान आणि तास आकड्याशेजारी लिहाच. ३० अंशाला वाढवलेल्या प्लेटांशी याची तुलना होत नाही.

मोजून झालेल्या प्लेटा उघडू नका. १२१ अंशाला ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, मगच कचऱ्यात टाका.